दाढ काढली, कळ राहिली

दाढ काढल्यावर दुखणे दिवसेंदिवस उतरावयास हवे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते उलट वाढले, कळ कानापर्यंत जाऊ लागली आणि तोंडास दुर्गंधी आली, तर खड्ड्यातील रक्ताची गुठळी निघून जाऊन हाड उघडे पडले असावे. आमच्या शिरवळकडे याचे एक कारण मशेरी. आजी तंबाखू सोडतात. मशेरी मात्र ‘दातांसाठीच’ म्हणून चालू ठेवतात! अशा वेळी दुकानातून प्रतिजैविके आणून काही साधत नाही. ज्यांनी दाढ काढली त्यांच्याकडेच परत जावे. खड्डा धुऊन आत औषधाची पट्टी भरली की बहुतेकांना लवकर उतार पडतो.

रक्त थांबत नसेल तर स्वच्छ कापडाची घडी खड्ड्यावर ठेवून अर्धा तास घट्ट चावून धरावी. मधे काढून पाहू नये. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नये. ती चूक दाताच्या दुखण्याहून महाग पडते.

एक गोष्ट सांगावयाची हमखास राहते. हाडांच्या ठिसूळपणासाठी वर्षाकाठी झोलेड्रॉनिक आम्लाचे इंजेक्शन किंवा आठवड्याला अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी चालू असल्यास दंतवैद्यांना ते आधीच कळले पाहिजे. अशा रुग्णाच्या जबड्याचे हाड ८ आठवड्यांनंतरही उघडे दिसत असेल, तर मुखशल्यविशारदच गाठावा. पुण्याला धनकवडीच्या भारती विद्यापीठ दंत महाविद्यालयात ती सोय आहे.

मात्र ताप, जबड्याखाली वाढती सूज, तोंड न उघडणे वा घोट न गिळता येणे, यांपैकी काही दिसले तर सकाळच्या एस.टी.ची वाट पाहू नये. रात्रीच १०८ला दूरध्वनी करावा.