कार्यशाळेहून वर्गात काय आणायचं?



खगोलशास्त्राच्या एखाद्या कार्यशाळेत 'मी ओझरहून आलो' असं सांगितलं की समोरचा हमखास म्हणतो, "म्हणजे दुर्बिणीजवळच राहता की!" त्याच्या डोळ्यांसमोर असतं जुन्नर तालुक्यातलं विघ्नहराचं ओझर. त्या भागात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. आपलं ओझर निफाड तालुक्यातलं, मिगचं. आपल्या मुलांना आकाश म्हणजे विमानं. नुसत्या आवाजावरून ती विमान ओळखतात. पण संध्याकाळी पश्चिमेला चमकणारा ठिपका शुक्र आहे, हे त्यातल्या किती जणांना कोणी दाखवलंय?

खगोलशास्त्रज्ञांच्या बैठका, कार्यशाळा, प्रशिक्षणं वर्षभर चालू असतात. भारतातल्या खगोलशास्त्रज्ञांचं अधिवेशन दरवर्षी भरतं. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाची महासभा दर तीन वर्षांनी होते. १९८५ साली ती दिल्लीत झाली होती, २०२७ साली रोममध्ये व्हायची आहे. या मोठ्या लोकांच्या बैठकांशी आपला काय संबंध, असं वाटत असेल तर प्लूटो आठवा. ऑगस्ट २००६ मध्ये प्राग शहरातल्या महासभेत मतदान झालं आणि आपल्या पुस्तकातले नऊ ग्रह आठ झाले.

तेव्हा वर्गात एका मुलाने मला विचारलं होतं, "सर, प्लूटोला का काढला?" मी म्हटलं, "लहान आहे म्हणून." उत्तर चुकीचं होतं. ग्रह ठरण्यासाठी तीन अटी आहेत: त्याने सूर्याभोवती फिरावं, स्वतःच्या गुरुत्वाने जवळपास गोल व्हावं आणि आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला असावा. प्लूटो तिसऱ्या अटीत बसत नाही. हे मला बऱ्याच वर्षांनी एका कार्यशाळेत कळलं. तोवर तो मुलगा शाळेतून बाहेर पडला होता, माझं चुकीचं उत्तर सोबत घेऊन.

म्हणून मला हा विषय महत्त्वाचा वाटतो. आपली नेहमीची प्रशिक्षणं कशी असतात, ते तुम्हाला सांगायला नको. सही करायची, ऐकायचं, जेवायचं, फोटो अपलोड करायचा, प्रमाणपत्र घ्यायचं. शास्त्रज्ञांच्या बैठकीची रीत वेगळी आहे. तिथे माणूस आपलं अर्धवट झालेलं कामसुद्धा मांडतो आणि बाकीचे त्यावर प्रश्न विचारतात. अडलेलं सांगण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. आपण मात्र 'मला हे येत नाही' असं सहकाऱ्यासमोर म्हणायला कचरतो.

कै. जयंत नारळीकर सरांची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. मुलं सही मागायला आली की ते सांगायचे, मला पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. आपणही कार्यशाळेला जाताना एक प्रश्न घेऊन जावं आणि येताना वर्गात करता येईल अशी एक कृती घेऊन यावं. प्रमाणपत्र फाईलला लागेलच.

कृतीला खर्च लागतोच असं नाही. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, असं अनेक मुलांना वाटतं. खरं सांगायचं तर आपल्यातल्याही काहींना वाटतं. अंधाऱ्या खोलीत एक बल्ब लावा, हातात चेंडू धरा आणि स्वतःभोवती सावकाश फिरा. अमावास्या ते पौर्णिमा चेंडूवरच दिसते. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असते, नेमकी आपल्याकडे थंडी असताना. एवढं एक वाक्य वर्गात टाका आणि 'उन्हाळा म्हणजे सूर्य जवळ' या समजाचं काय होतं ते बघा.

संधी आहेत, फक्त तारखा आधी माहीत हव्यात. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या निमित्ताने, खोडदला प्रदर्शन भरतं. तिथे शाळांचे प्रकल्पही मांडता येतात. पुण्याच्या आयुकामध्ये विद्यार्थ्यांसाठी व्याख्यानं आणि शिक्षकांसाठी प्रशिक्षणं होतात. इस्रोचा 'युविका' कार्यक्रम नववीच्या मुलांसाठी आहे आणि त्याच्या निवडीत ग्रामीण शाळांतल्या मुलांना वेगळे गुण मिळतात. खगोलशास्त्र ऑलिंपियाडची पहिली परीक्षा नोव्हेंबरात असते, नोंदणी त्याच्या बरीच आधी. २०२५ साली हे आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड मुंबईत झालं, साठहून अधिक देशांची मुलं आली होती. आपल्या मुलांपैकी किती जणांना त्याची खबर होती?

काही जण म्हणतील, "अहो, निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती, त्यात हे कुठे बसवायचं? आणि यानं गुण वाढणार का?" तक्रार खोटी नाही. म्हणूनच सगळ्यांनी जावं असं मी म्हणत नाही. केंद्रातून वर्षाला एक शिक्षक जाऊ द्या. त्याला कर्तव्यरजा मिळावी, प्रवासखर्च खिशातून करावा लागू नये. परत आल्यावर पुढच्या शिक्षण परिषदेत त्याला एक तास द्या. त्यात त्याने कृती करून दाखवावी आणि बाकीच्यांनी मोकळेपणाने प्रश्न विचारावेत. एकाच्या प्रवासातून सगळ्या केंद्राच्या शाळांना काहीतरी मिळेल.

पालकहो, तुमच्याकडेही एक मागणं आहे. आकाश बघायचं तर रात्री बाहेर पडावं लागतं आणि तिथे मुली मागे राहतात. 'रात्रीचं कशाला' म्हणून नाही म्हणण्यापेक्षा तुम्हीच सोबत या. शाळेच्या मैदानावर तासभर बसायला तुम्हालाही आवडेल.

शेवटी एक तारीख. आपल्या ओझरला वर्षातून दोनदा, २० मे आणि २४ जुलैच्या आसपास, भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते आणि जुलैत ढग. त्यामुळे हा शून्य सावलीचा दिवस शाळेत कधी साजराच होत नाही. यंदा मे महिन्यात साडेबारापूर्वीच अंगणात एक काठी सरळ उभी करा आणि मुलांना सावलीवर लक्ष ठेवायला सांगा. ती विचारतील, "असं का होतं?" उत्तर येत नसेल तर तसं सांगा. पुढच्या कार्यशाळेला घेऊन जायला तुम्हाला प्रश्न मिळालेला असेल.