जुन्या पॉकेट वॉचचा पार्ट शोधू नका, बंद मशीन शोधा



घड्याळ रिपेअरिंगचं दुकान टाकणारे आणि जुन्या वस्तूंच्या धंद्यात उतरणारे मला एक प्रश्न हमखास विचारतात. "सर, जुन्या पॉकेट वॉचचे पार्ट स्वस्तात कुठे मिळतील?" माझं मत असं की हा प्रश्नच धंद्याच्या दृष्टीने उलटा आहे. सुटा पार्ट जवळजवळ कधीच स्वस्त पडत नाही. स्वस्त पडतं ते त्याच जातीचं बंद पडलेलं, केस नसलेलं आख्खं मशीन.

अशी मशीनं मिळतात कुठून? सोन्याचांदीचा भाव वाढला की लोक पॉकेट वॉचची केस सराफाकडे मोडीत घालतात. केस वितळते आणि आतलं मशीन अनाथ होऊन डबीत पडतं. जगभर हे झालंय. म्हणून पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात आणि परदेशी ऑनलाइन लिलावांत अशी मशीनं ढिगाने विकली जातात.

आता कॉस्टिंग करू. आकडे फक्त समजायला घेतोय. समजा परदेशातून एक सुटा पार्ट मागवला, किंमत ७०० रुपये. कुरिअर आणि कस्टम ड्यूटी धरून तो २,००० ला पडला. त्याच दुकानदाराकडून त्याच नंबरचं बंद मशीन मागवलं आणि सगळं धरून ३,५०० ला पडलं. पहिल्या सौद्यात हातात एक पार्ट. दुसऱ्यात चाकं, ब्रिज, स्क्रू, ज्युएल, बॅरल, चावी लावायची यंत्रणा, नशीब असेल तर डायल आणि काटेही. पुढच्या वर्षभरात त्यातले तीन पार्ट जरी वापरले गेले तरी मशीन वसूल. मात्र त्याच जातीची घड्याळं तुमच्याकडे येत असतील तरच हे गणित जमतं. नाहीतर तो डेड स्टॉक, आणि डेड स्टॉक किती सुंदर दिसतो याला बँकेत किंमत नाही.

म्हणजे खरं काम खरेदीच्या आधीचं आहे, ओळखण्याचं. इथेच नवीन माणसाचे पैसे जातात.

आपल्याकडच्या घड्याळांची एक खोड लक्षात ठेवा. डायलवरचं नाव म्हणजे मशीन बनवणारा नव्हे. डायलवर 'वेस्ट एंड वॉच कंपनी, बॉम्बे' असं ऐटीत लिहिलेलं असतं, पण मशीन स्वित्झर्लंडहून आलेलं असतं. नाव विकणाऱ्याचं, काम दुसऱ्याचं. त्या नावाने पार्ट शोधत बसलात तर महिना जाईल. मशीन उघडा आणि बॅलन्सच्या खाली किंवा डायल काढून तिच्यामागे बघा. बारीक शिक्का आणि कॅलिबरचा नंबर तिथे सापडू शकतो. शिक्काच नसेल तर मशीनचा व्यास मोजा. स्विस मशीन लिन्यात मोजतात, १ लिन्य म्हणजे २.२५६ मिलिमीटर. मग डायलखालच्या सेटिंग लिव्हरचा आणि त्याच्या स्प्रिंगचा आकार 'बेस्टफिट' किंवा 'फ्लूम'सारख्या जुन्या कॅटलॉगमधल्या चित्रांशी जुळवा. आपण अंगठ्याचा ठसा जुळवतो ना, तसंच.

अमेरिकन घड्याळांचं सोपं आहे. वॉल्थम आणि एल्गिन या कंपन्यांनी कोट्यवधी घड्याळं काढली. ॲरन डेनिसन आणि त्याच्या साथीदारांनी १८५० च्या दशकात वॉल्थम सुरू केली ती याच कल्पनेवर की पार्ट मशीनवर बनावेत आणि एकाचा दुसऱ्याला बसावा. म्हणून मशीनवरचा सीरियल नंबर मिळाला की ग्रेड, साइज आणि अंदाजे वर्ष कळतं. केसवरचा नंबर इथे कामाचा नाही. विकणारे कित्येकदा तोच पाठवतात, तेव्हा मशीनचा फोटो मागितल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि ग्रेड एकच असला तरी आधीच्या आणि नंतरच्या मशीनमध्ये बॅलन्स स्टाफ वेगळा असू शकतो.

स्टाफवर जरा थांबू, कारण जुनं पॉकेट वॉच पडलं की सगळ्यात आधी मोडतो तो हाच. इन्काब्लॉकसारखी झटका झेलणारी रचना १९३० च्या दशकात आली. त्याआधीच्या मशीनमध्ये केसाएवढ्या जाडीची टोकं सरळ धक्का खातात. आणि तुम्ही विकत घेतलेलं बंद मशीनही बहुधा त्याच कारणाने बंद पडलेलं असतं! म्हणून घेताना मशीन हळूच हलवून बॅलन्स मोकळा झुलतोय का ते बघा. ऑनलाइन असेल तर व्हिडिओ मागवा. झुलत असेल तर स्टाफ उपटायच्या फंदात पडू नका. बऱ्याच मशीनमध्ये तो रिव्हेट केलेला असतो, काढताना खराब होतो. हेअरस्प्रिंगसकट पूर्ण बॅलन्स बदला आणि मग टायमिंग करा. लेथवर नवा स्टाफ कातणारा कारागीर ओळखीचा असेल तर त्याला जपा. त्याच्या मजुरीत घासाघीस करू नका.

दोन गोष्टी मात्र नव्याच घ्या. पहिली मेन स्प्रिंग. जुन्या मशीनमधली स्टीलची स्प्रिंग थकलेली असते. नवी मिश्रधातूची घेताना रुंदी, जाडी, लांबी आणि टोकाचा प्रकार चारही जुळवा. जाड स्प्रिंग टाकली की घड्याळ जोमात चालेल असं वाटतं, पण बॅलन्स गरजेपेक्षा जास्त फिरून ठोकायला लागतो. दुसरी गोष्ट काच. तिचा व्यास मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत मोजा. झाकणवाल्या घड्याळाला पातळ काच लागते, नाहीतर झाकण बसत नाही.

आता कुठल्या घड्याळांना हात लावायचा? माझं स्पष्ट मत: दोन किंवा तीन जाती निवडा आणि तेवढ्याच धरा. साखळीवर चालणारी इंग्लिश फ्यूझी घड्याळं सुरुवातीला घेऊच नका. तिथे बराचसा पार्ट हाताने बसवलेला असतो, एकाचा दुसऱ्याला लागत नाही. रॉस्कॉफ पद्धतीची घड्याळं १८६७ पासून मुद्दाम स्वस्त म्हणूनच बनली. त्यांचं मशीन कवडीमोल मिळेल, पण तुमची मजुरी घड्याळाच्या किमतीपेक्षा जास्त होईल. आजोबांची आठवण म्हणून कोणी आणलं तर आधी खर्च सांगा, मग उघडा. आणि अंधारात चमकणाऱ्या जुन्या डायलचा किंवा काट्यांचा रंग खरवडू नका. त्यात रेडियम असू शकतं.

यापुढचं काही जणांना आवडणार नाही. चालू घड्याळ उघडून त्याचे पार्ट सुटे विकले की जास्त पैसे मिळतात, हे खरं आहे. डायल एकाला, काटे दुसऱ्याला, केस सराफाला. माझ्या दुकानात हे होत नाही. दुरुस्त होण्यासारखं घड्याळ मी मोडत नाही, कारण त्या जातीचं एक घड्याळ कमी झालं की आपलाच पुढचा कस्टमर कमी होतो. दुसरं, तीन घड्याळांचं एक करून 'ओरिजिनल' म्हणून विकणं. मशीन एकाचं, रंगवलेली डायल दुसऱ्याची. बिलावर लिहा ना: बॅलन्स बदलला, डायल नंतरची आहे. एखादे काका वडिलांचं घड्याळ घेऊन येतात तेव्हा ते किंमत विचारायच्या आधी "आतलं सगळं त्यांचंच राहील ना?" असं विचारतात. खरं उत्तर द्या आणि काढलेला जुना पार्ट पुडीत घालून परत द्या. ती पुडी बघूनच पुढचं गिऱ्हाईक येतं.

कायद्याचंही बघा. १९७२ च्या अँटिक्विटीज अँड आर्ट ट्रेझर्स कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या, ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तूंच्या व्यापाराला लायसन्स लागतं आणि त्या परस्पर परदेशात विकता येत नाहीत. जाहिरातीत 'अँटिक' लिहून परदेशी कस्टमर शोधण्याआधी पुरातत्त्व विभागाकडे चौकशी करा.

राहिला सगळ्यात स्वस्त माल. तो ऑनलाइन नाही. तालुक्याच्या गावात, एसटी स्टँडजवळ, क्वार्ट्झ आल्यावर ज्यांचं काम कमी झालं ते जुने घड्याळवाले बघा. त्यांच्या लाकडी खणांत चाळीस वर्षांचे स्टाफ, स्प्रिंगा, काचा, काटे पडून आहेत. मुलं दुसऱ्या नोकरीत गेली, दुकान बंद करायचंय. तिथे जाऊन भंगारासारखा किलोवर भाव सांगू नका. भाव खणाप्रमाणे करा, आणि वर त्यांच्या दोन दिवसांची मजुरी द्या, सांगा, "काका, प्रत्येक डबी कुठल्या मशीनची ते मला बसून सांगा, मी चिठ्ठ्या लावतो." चिठ्ठी नसलेली डबी म्हणजे नुसते खिळे. आणि ते सांगू शकणारी माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत, तेव्हा हा महिना संपायच्या आत जाऊन या.