विद्यार्थी की कामगार?

पदरी मूल असलेली एकटी स्त्री एम.डी.च्या प्रवेशासाठी पसंतीक्रम भरावयास बसते, तेव्हा तिचा निर्णय केवळ गुणांवर ठरत नाही. शासकीय महाविद्यालयांतील निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. सोलापूरच्या मुलीला जागा पाटण्यास मिळाली, तरी मूल सांभाळणारी आजी सोलापुरातच राहते. मग शल्यचिकित्सेची ओढ असूनही ती रात्रपाळी कमी असलेला विषय पत्करते. यालाच 'वैयक्तिक निवड' असे गोंडस नाव दिले जाते!

निवासी डॉक्टरचा दर्जा तरी कोणता? सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय महाविद्यालयासारख्या संस्थांच्या रुग्णालयांचा रात्रंदिवसाचा भार याच डॉक्टरांच्या खांद्यावर असतो. श्रम घेताना ती डॉक्टर असते. हक्क मागू लागताच ती 'विद्यार्थिनी' ठरते. 1992 च्या केंद्रीय निवासी योजनेने आठवड्याला 48 तास आणि सलग 12 तास अशी मर्यादा सांगितली होती. 2023 च्या पदव्युत्तर नियमावलीत 'वाजवी' तास असा शब्द आहे. वाजवी म्हणजे किती, हे सांगितलेले नाही. तीस वर्षांत आकड्याचे विशेषण झाले.

सोलापूरला हा प्रश्न नवा नाही. 1948 च्या कारखाना कायद्याने गिरण्यांत आणि 1966 च्या विडी कामगार कायद्याने विडी कारखान्यांत, ठराविक संख्येहून अधिक स्त्रिया असल्यास, पाळणाघराची सक्ती केली. घरी विड्या वळणाऱ्या बायांच्या वाट्याला तो हक्क आला नाही, हे खरे; परंतु मूल सांभाळण्याचा खर्च हा श्रमाच्याच किमतीचा भाग आहे, हे तत्त्व कायद्याने मान्य केले. गिरणीतील बाईला लागू झालेले हे तत्त्व रुग्णालयातील बाईला का नसावे?

डॉक्टर म्हणजे सुखवस्तू वर्ग, त्यांची काळजी आपण का वाहावी, असे काही कार्यकर्ते विचारतील. परंतु शासकीय रुग्णालयात येणारा रुग्ण गरीबच असतो. छत्तीस तास जागलेल्या डॉक्टरच्या थकव्याची किंमत तोच मोजतो. शिवाय पैसेवाली आई घरी दाई ठेवू शकते. विणकराच्या मुलीला मात्र शिक्षण सोडावे लागते.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. तासांचा आकडा नियमात परत यावा. प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात रात्रीही चालणारे पाळणाघर आणि मुलासह राहता येईल असे निवासस्थान असावे. एकट्या पालकाला, मग ती माता असो वा पिता, स्वतःच्या जिल्ह्याजवळ बदलून जाण्याची सोय मिळावी. यात दयेचा प्रश्न नाही. घेतलेल्या श्रमाचा हा हिशेब आहे, आणि तो चुकता झालाच पाहिजे.