अग्निवीराची फी कोणी भरावी?

मेहकर तालुक्यातील डोणगावसारख्या कोरडवाहू भागातून सैन्यात जाणारा तरुण केवळ देशप्रेमाने जात नाही. घरची शेती त्याला पोसू शकत नाही, हेही त्यामागे असते. कायम भरतीच्या जवानाला निदान पंधरा वर्षांनी निवृत्तिवेतन मिळते. २००६ साली सुरू झालेल्या पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेमुळे माजी सैनिकांच्या काही मुलामुलींना व्यावसायिक पदवीसाठी थोडा आधारही लाभला.

२०२२ च्या अग्निपथ योजनेने ही वाटच बंद केली. चार वर्षांनी शंभरातील किमान पंच्याहत्तर जण घरी परतायचे; योजनेच्या अटींत त्यांना ना निवृत्तिवेतन, ना माजी सैनिकाचा दर्जा. धोका मात्र तोच. याच जिल्ह्यातील पिंपळगाव सराईचा अग्निवीर ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनच्या बर्फात मृत्यू पावला.

सुमारे ११.७१ लाखांच्या सेवानिधीतून त्यांनी पुढे शिकावे, असे राज्यकर्ते सांगतात. त्या निधीच्या मुद्दलातील निम्मा भाग जवानाच्याच पगारातून दरमहा ३० टक्के कापून घेतलेला असतो! बहिणीचे लग्न, सोसायटीचे कर्ज आणि विहीर यांच्यापुढे महाविद्यालयाची फी कितीशी टिकणार?

भांडवलशाहीचे माहेरघर असलेल्या अमेरिकेनेही १९४४ च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांची फी सरकारी तिजोरीतून भरली. सुमारे २२ लाख सैनिक त्यामुळे महाविद्यालयांत गेले. (काळ्या सैनिकांच्या वाट्याला त्यातले फार थोडे आले, हेही विसरता येत नाही.)

परतणाऱ्या प्रत्येक अग्निवीराला अमरावती विद्यापीठाच्या महाविद्यालयांत शुल्कमाफी व वसतिगृह मिळावे आणि तो खर्च संरक्षण खात्याने सोसावा, ही मागणी जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी बुलढाण्याच्या सैनिक कल्याण कार्यालयापुढे व खासदारांपुढे आताच मांडली पाहिजे.