खटका कोणाच्या हाती?

वीज गेली की आम्ही मोहगावकर प्रथम आभाळाकडे पाहतो. वारा-वादळ नसेल, तर ‘कुठे तार तुटली असेल’ असे म्हणून स्वस्थ बसतो. परंतु आभाळ निरभ्र आणि तार शाबूत असतानाही वीज जाऊ शकते, याचा विचार आता सुज्ञ गृहस्थांनी करावयास हवा.

12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी मुंबईची वीज गेली आणि लोकलगाड्या जागीच थांबल्या. मार्च 2021 मध्ये महाराष्ट्राच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताची शंका बोलून दाखविली; केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मात्र मानवी चूक हेच कारण सांगितले. शंका म्हणजे सिद्धता नव्हे. तरीही अशी शंका घेण्याजोगी परिस्थिती आली आहे, एवढे खरे.

पूर्वी उपकेंद्रातील माणूस हाताने खटका ओढी. आज दूरच्या नियंत्रणकक्षातून संगणक तो उघडतो आणि मिटतो. ज्या वाटेने हुकूम जातो, त्याच वाटेने चोरही जाऊ शकतो. युक्रेनमध्ये 23 डिसेंबर 2015 रोजी हेच घडले. आरंभ ई-मेलला जोडलेल्या एका साध्या कागदाने झाला होता. कित्येक महिने दबा धरून बसलेल्या हल्लेखोरांनी त्या दिवशी उपकेंद्रांचे खटके उघडले आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. पडद्यावरचा बाण आपोआप फिरताना कर्मचारी नुसते पाहत राहिले.

तथापि काही तासांतच वीज परतली. कर्मचारी उपकेंद्रांवर गेले आणि त्यांनी खटके हाताने बसविले. जुनी विद्या ते विसरले नव्हते!

यंत्रांच्या नियंत्रणाचे जाळे कार्यालयीन जाळ्यापासून अलग ठेवावे, हा पहिला नियम. 2019 मध्ये कुडनकुलमच्या अणुवीज केंद्रात विषाणू सापडला, तो कार्यालयीन कामाच्या संगणकात. नियंत्रणयंत्रणा अलग असल्याने तिला बाधा झाली नाही, असे अणुऊर्जा महामंडळाने सांगितले. पण एखाद्याने खिशातून आणलेला पेनड्राइव्हही ही भिंत ओलांडू शकतो. म्हणून भिंतीइतकीच शिस्त हवी, आणि शिस्तीइतकाच हाताचा सराव.

आमच्या भागात संत्र्याच्या बागेचे पाणी आणि घरातला नळ, दोन्ही विजेवरच चालतात. नवी यंत्रे अवश्य यावीत. मात्र खटका हाताने बसविणारा लाइनमन आता जुना झाला, असे कोणी समजू नये. त्याची विद्या नव्या पोरांना शिकवून ठेवणे, हाही संरक्षणाचाच भाग आहे.