माशांचे जेवण

पाहुण्याला आग्रह करकरून वाढायची आपली जुनी रीत. माझ्या पुतण्याने तोच आग्रह शेततळ्यातल्या रोहू-कटल्याला केला! डिसेंबरातही कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड उन्हाळ्याइतकीच. मासा थंड रक्ताचा. पाणी २५ ते ३० अंश असले की भरपूर खातो, २० च्या खाली गेले की त्याची भूक मंदावते. उरलेली पेंड तळाशी कुजते, अमोनिया वाढतो, प्राणवायू घटतो. एका पहाटे मासे पाण्यावर येऊन तोंडे उघडत होते. निम्मे मेले.

"काका, रोग आला," तो म्हणाला. आला असेलही, पण आवतण आपलेच. औषधाआधी तापमापक घे, असे मी म्हटले (भूगोलाच्या मास्तरचे मत, पण मत!). आता तो पाण्याचे तापमान पाहून पेंड मोजतो.