मावशींचा सीव्ही

फ्लॅट घेताना आपण काय काय बघतो? पार्किंग, पाण्याचं प्रेशर, बेडरूममध्ये ऊन येतं का. साधा मोबाइल घ्यायचा तरी तीन मित्रांचं डोकं खातो. आणि बाबांसाठी केअर होम शोधताना मी काय बघितलं, सांगू? लॉन.

हसू नका. बाबांना पॅरॅलिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणंही जवळपास बंद झालं. महिन्याभराने हॉस्पिटलने डिस्चार्ज दिला. घरात आई, तिचे कामातून गेलेले गुडघे, आणि मी; माझी कॅब सकाळी साडेआठला. शेवटी शहराबाहेरचं एक केअर होम नक्की केलं. गुळगुळीत ब्रोशर, एसी रूम, हिरवंगार लॉन. रिसॉर्टच जणू! मनातल्या मनात मी स्वतःची पाठही थोपटून घेतली.

तिसऱ्या आठवड्यात चादर बदलताना बाबांच्या माकडहाडाजवळ रुपयाएवढी जखम दिसली. बेडसोर. लॉन जिथल्या तिथे होतं. रात्री बाबांची कूस बदलायला मात्र कोणी नव्हतं.

दुसरी जागा शोधली. जुनी बिल्डिंग, लॉनच्या नावाने दोन कुंड्या. पण तिथे मावशी होत्या.

'मावशी' हा आपल्याकडचा भलताच सोयीचा शब्द. ऑफिसात चहा आणतात त्या मावशी, शाळेत डबे सांभाळतात त्या मावशी आणि पेशंटला बेडपॅन देतात त्याही मावशीच. पुरुष असेल तर मामा. एकदा नातं जोडलं की शिक्षण विचारायला नको, आणि पगाराचा विषयही आपोआप मागे पडतो. सिस्टरच्या मागे एएनएमची दोन किंवा जीएनएमची तीन वर्षं असतात, हे आपल्याला ठाऊक असतं. या मावशींनी जीडीए, म्हणजे जनरल ड्युटी असिस्टंटचा कोर्स केला होता. असा काही कोर्स असतो, हेच मला माहीत नव्हतं.

पहिल्याच शनिवारी माझी विकेट पडली. बाबांची उजवी टाच लाल दिसली म्हणून मी प्रेमाने खोबरेल तेल काढलं. मावशींनी हात धरला.

"चोळू नका ताई. आतून दुखावलंय ते. चोळलं तर आणखी बिघडेल."

त्यांनी लाल जागेवर बोट दाबून सोडलं. लाली फिकी पडली नाही. मावशी लगेच जाऊन सिस्टरना सांगून आल्या. मग पोटरीखाली उशी अशी ठेवली की टाच गादीला टेकणारच नाही. पाच मिनिटांचं काम. टाच वाचली.

त्यानंतर मी दर शनिवारी त्यांच्या मागे मागे फिरायला लागले. काय काय कळलं, बघा. जो स्वतः वळू शकत नाही, त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची, आणि कधी बदलली ते वहीत लिहायचं. भरवताना ताठ बसवायचं, हनुवटी जरा खाली, छोटा चमचा. आधीचा घास गिळलाय ना, हे बघूनच पुढचा. जेवण झाल्यावर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जायची भीती. शर्ट घालताना लुळा हात आधी, काढताना शेवटी. खुर्चीत बसवताना त्याच हाताला धरून ओढायचं नाही, खांदा निखळतो. व्हीलचेअर चांगल्या बाजूला लावायची आणि आधी ब्रेक. लघवीची पिशवी कमरेच्या खालीच हवी, पण जमिनीला टेकता कामा नये. आणि एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना हात धुवायचे. दर वेळी!

एकदा सिस्टर जेवायला गेल्या होत्या. मी म्हटलं, "मावशी, एवढी अर्धी गोळी तुम्हीच देऊन टाका ना."

"ते माझं काम नाही ताई. सिस्टर येऊ देत."

आवाज शांत, पण विषय संपला. इंजेक्शन, कॅथेटर घालणं, डोस कमी-जास्त करणं यातलं काही त्या करत नाहीत. आपलं काम कुठे संपतं, हे माहीत असणं हाही त्या कामाचाच भाग. आमच्या टीममध्ये दोन-तीन जणांना हे शिकवायला हवं!

मग तो मंगळवार आला. मी क्लायंट कॉलवर होते. सिस्टरचा फोन. बाबा सकाळपासून वेगळेच वागत होते. ताप नव्हता, पडले नव्हते. पण मावशींना पाहून घाबरत होते, चमचा ढकलत होते, आणि पिशवीत लघवी रोजच्यापेक्षा कमी होती. 'म्हातारपण आहे, चालायचंच' असं म्हणून सोडून देणं सोपं होतं. मावशींनी वही घेऊन सिस्टरना गाठलं, सिस्टरनी डॉक्टरांना बोलावलं. लघवीचं इन्फेक्शन निघालं. वयस्कर माणसात ते कधी कधी असं एकदम गोंधळून जाण्यातूनच दिसतं. वेळेत अँटिबायोटिक सुरू झाली, बाबांना हॉस्पिटल लागलं नाही.

तेव्हा मंडळी, आज ना उद्या ही वेळ तुमच्यावरही येणार. केअर होम बघायला जाल तेव्हा ब्रोशर बाजूला ठेवा आणि हे विचारा :

- रात्री किती पेशंटमागे किती मावशी-मामा असतात?
- त्यांचं ट्रेनिंग कुठे झालं? पेशंटला उचलायला कोणी शिकवलं?
- कूस बदलल्याची, खाण्या-पिण्याची वही दाखवाल?
- रात्री दोन वाजता काही बिघडलं तर मावशी कोणाला उठवते?
- मावशींना आठवड्याची सुट्टी मिळते का?

शेवटचा प्रश्न उगाच नाही. सलग दोन ड्युट्या केलेल्या बाईच्या हातात तुमचे बाबा असतील.

मावशींचं नाव मी तीन महिन्यांनी विचारलं. (ते छापू नका, असं त्यांनीच सांगितलंय.) त्या दिवशी आणखी एक गोष्ट लक्षात आली. बाबांच्या खोलीत शिरण्याआधी मावशी दारावर टकटक करतात आणि थांबतात. बाबांना 'या' म्हणता येत नाही. तरी थांबतात. बाबांनी मान हलवली की "काका, अंघोळ घालू का?" असं विचारून, पडदा ओढून मग कामाला लागतात. मी मात्र इतके दिवस फोनवर बोलत बोलत थेट आत घुसत होते.

गेल्या शनिवारी मीही टकटक केली. बाबांनी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि मान हलवली.